शिअरर की ओवेन: उगवत्या स्ट्रायकरने आधी कोणाला पाहावं?

पुढच्या फळीत खेळणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला इंग्लंडच्या जुन्या स्ट्रायकरांच्या मॅचेस दाखवायच्या म्हटलं, की दोन नावं हमखास पुढे येतात: ॲलन शिअरर आणि मायकल ओवेन. शाळा, क्लास आणि सराव यांतून उरलेल्या तासाभरात आधी कोणाला पाहायचं, हा प्रश्न खराच असतो. माझा कौल शिअररला आहे, आणि त्यातही १९९८ नंतरच्या शिअररला. पण ओवेनला बाजूला ठेवणं जिवावर येतं, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

३० जून १९९८, सेंट एतियन, वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्धची मॅच. सुरुवातीलाच मागे पडलेल्या इंग्लंडला शिअररने पेनल्टीवर बरोबरी साधून दिली. मग सोळाव्या मिनिटाला बेकहॅमचा पास अठरा वर्षांच्या ओवेनकडे आला. त्याने उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू असा पुढे घेतला की पाठीवर असलेला अर्जेंटिनाचा बचावपटू चामोत त्या एका स्पर्शातच मागे राहिला. समोर दुसरा बचावपटू अयाला होता. त्याला उजवीकडून ओलांडून ओवेनने तिरका फटका मारला आणि चेंडू गोलकीपर रोआच्या पलीकडे, लांबच्या वरच्या कोपऱ्यात गेला. हा गोल मुलाला दाखवाल तेव्हा पहिल्या स्पर्शाशी थांबवून दाखवा. ओवेनचा वेग उपजत होता, तो कोणाला शिकवता येणार नाही. चेंडू पायाशी थांबवायचा की धावेच्या दिशेने पुढे घ्यायचा, हे मात्र सरावाने येतं.

शिअररची गोष्ट वेगळी. न्यूकॅसलच्या गॉसफर्थमधला हा मुलगा साउदॅम्प्टनमध्ये घडला आणि १९८८ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी आर्सेनलविरुद्ध हॅट्ट्रिक करून बसला. १९९२ मध्ये तो ब्लॅकबर्नला गेला. तिथे १९९३-९४ पासून लीगच्या सलग तीन मोसमांत त्याचे ३१, ३४ आणि ३१ गोल झाले आणि १९९५ मध्ये ब्लॅकबर्न विजेता ठरला. १९९६ मध्ये दीड कोटी पौंडांना, त्या वेळच्या जागतिक विक्रमी किमतीत, तो न्यूकॅसलला घरी परतला. प्रीमियर लीगमधल्या ४४१ मॅचेसमध्ये २६० गोल ही त्याची शिल्लक आहे. ओवेनची ३२६ मॅचेसमध्ये १५०.

आकडे इथेच सोडू. खरा फरक दुखापतीनंतर दिसतो, आणि मुलगा खेळात टिकावा असं वाटणाऱ्या पालकांनी हाच भाग नीट पाहायला हवा.

डिसेंबर १९९२ मध्ये शिअररच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. १९९७ च्या उन्हाळ्यात सरावाच्या मॅचमध्ये घोटा मोडला आणि तो काही महिने बाहेर बसला. परतल्यावर जुना वेग उरला नव्हता. मग त्याने खेळच बदलला. बचावपटूला पाठीवर घेऊन चेंडू राखायचा, साथीदाराला सोडायचा, आणि मैदानाच्या कडेने क्रॉस येईपर्यंत गोलसमोरच्या बॉक्समध्ये आपली जागा धरायची. युरो २००० संपल्यावर, तिशीच्या आतच, त्याने इंग्लंडची जर्सी स्वतःहून उतरवली आणि उरलेली ताकद क्लबसाठी ठेवली. म्हणूनच तो पस्तीस वर्षांचा होईपर्यंत खेळला आणि २००६ मध्ये जुन्या पिढीतल्या जॅकी मिलबर्नचा न्यूकॅसलसाठीचा २०० गोलांचा विक्रम ओलांडून २०६ वर थांबला.

ओवेनला तेवढा वेळच मिळाला नाही. एप्रिल १९९९ मध्ये लिव्हरपूलकडून लीड्सविरुद्ध धावताना मांडीमागचा हॅमस्ट्रिंग गेला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतरही २००१ मध्ये त्याने म्युनिकमध्ये जर्मनीविरुद्ध हॅट्ट्रिक केली आणि युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर मिळवला. पण पाय पूर्वीसारखा भरवशाचा राहिला नाही. शेवटची सहा-सात वर्षं मोकळ्या जागेत जोरात धावायची भीती वाटायची, असं त्याने निवृत्तीनंतर स्वतः सांगितलं आहे. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं. ज्या धावेवर सगळा खेळ उभा होता, तिचीच धास्ती. इंग्लंडसाठी ८९ मॅचेस आणि ४० गोल, पण शेवटची मॅच अठ्ठाविसाव्या वर्षीच.

पदकं मोजायची असतील तर ओवेन पुढे आहे. शिअररच्या वाट्याला लीगचं एकच विजेतेपद आलं. मुलासाठी निवड करताना मी त्याला फार वजन देणार नाही.

मुलगा अंगाने मजबूत असेल, वेग मध्यम असेल, तर विचारच नको: शिअरर. गोलकडे पाठ असताना त्याचे हात, कंबर आणि पाय कुठे असतात ते पाहू द्या. मुलगा लहानखुरा आणि चपळ असेल तर लिव्हरपूलच्या ओवेनचा २००१ चा एफए कप (इंग्लंडमधली बाद फेरीची स्पर्धा) फायनल दाखवा. शेवटच्या काही मिनिटांत आर्सेनलविरुद्ध दोन गोल, त्यातला दुसरा लांब धावेनंतर डाव्या पायाने, गोलकीपर सीमनच्या पलीकडे जमिनीलगत. पण अशा मुलालाही पुढच्या आठवड्यात शिअररकडे न्याच. आणि मांडीमागे खेचल्यासारखं वाटलं की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवायचा, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

दोघांना एकत्र पाहायचं असेल तर १७ डिसेंबर २००५ ची वेस्ट हॅम विरुद्ध न्यूकॅसल ही मॅच शोधा. तेव्हा ओवेनही न्यूकॅसलकडे होता: एकाच काळ्या-पांढऱ्या जर्सीत ओवेनचे तीन गोल आणि शिअररचा एक. दोन आठवड्यांनी ओवेनच्या पायाचं हाड मोडलं, आणि एप्रिलमध्ये संडरलँडविरुद्ध पेनल्टीवर गोल करून शिअररही गुडघ्याच्या दुखापतीने मैदानाबाहेर गेला, तो कायमचाच.