पर्यावरण प्रकल्पाचे मूल्यमापन: समाप्तीचा अहवाल की शेजारच्या गावांशी तुलना?

परकीय निधीतून राबवलेल्या पर्यावरण प्रकल्पाचे मूल्यमापन कोणत्या पद्धतीने करून घ्यावे, हा प्रश्न संस्थांपुढे बहुधा निधी संपत आल्यावर येतो आणि तोवर दोनपैकी एक पर्याय जवळजवळ हातचा गेलेला असतो.

पहिला पर्याय समाप्ती-मूल्यमापनाचा. जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीच्या मोठ्या प्रकल्पांना ते बंधनकारक असून त्यात फलनिष्पत्तीला सहा पायऱ्यांवर श्रेणी दिली जाते. ठरलेली कामे झाली का आणि पैसा योग्य ठिकाणी लागला का, याचे उत्तर त्यातून चोख मिळते. मात्र जीईएफ आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम (यूएनडीपी) यांच्या सिंधुदुर्गातील प्रकल्पाने पुरस्कारलेली चौकोनी आसाची, म्हणजे छिद्राची, मासेमारीची जाळी पाहा. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस जाळे ओढताना ताणाने मिटतो आणि माशांची पिल्ले अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, म्हणून ती निसटतात. असे जाळे किती नौकांपर्यंत पोहोचले, हे अहवाल सांगू शकतो. चार हंगामांनंतरही तांडेल (नौकेचा प्रमुख) जाळ्याला तीच खोळ, म्हणजे मागची पिशवी, लावतो का, हे त्या तारखेला कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा पर्याय तुलनेचा. विहिरींचे पाणी वाढले ते बांधबंदिस्तीमुळे की त्या वर्षीच्या चांगल्या पावसामुळे, हे प्रकल्प न झालेल्या शेजारच्या गावातील विहिरी पाहिल्याखेरीज कळत नाही. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमासह महाराष्ट्र व आंध्रातील 86 गावांचा, त्यांत प्रकल्प नसलेल्या गावांचाही, असा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकसहभागाची कामे त्यात सरस ठरली, पण चराईबंदीची झळ भूमिहीन आणि मेंढपाळांना बसल्याचेही त्यातून पुढे आले. माझ्या मते हा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे, कारण कामांच्या यादीवर कितीही खुणा केल्या तरी तो सापडत नाही.

तुलनेला खर्च आणि वेळ जास्त लागतो, शिवाय पाऊस, जमीन आणि वस्ती जुळणारे गाव शोधावे लागते. निधीदाराला हिशेब द्यायचा एवढाच हेतू असेल, तर समाप्ती-मूल्यमापन पुरेसे आहे. तेच काम आणखी गावांत न्यायचे असेल, तर मी तुलनेचाच आग्रह धरीन. सगळा अभ्यास परवडत नसेल, तरी प्रकल्पाच्या पहिल्या वर्षापासून दर मे महिन्यात आपल्या आणि शेजारच्या गावातील ठरावीक विहिरींची पातळी टेपने मोजून वहीत लिहावी आणि चराईबंदीपूर्वी कोणाची किती शेळ्या-मेंढरे होती, याची नोंदही त्याच वहीत ठेवावी.