हेड क्रॅक नव्हतंच! बोटीच्या इंजिनातल्या पाणीगळतीवरून आमची झालेली फसवणूक

हर्णै बंदरात आमची बोट आहे. इंजिन सहा सिलिंडरचं डिझेल, सासऱ्यांच्या काळातलं. समुद्रावर आमचे हे आणि धाकटे दीर जातात. डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा, इंजिनाची कामं, हा सगळा हिशोब मी बघते. गेल्या हंगामात न केलेल्या कामाचे ७८,००० रुपये एका मेकॅनिकने आमच्याकडून घेतले आणि वर चांगल्या इंजिनाचं नुकसान करून ठेवलं. जुन्या इंजिनाच्या बोटी या किनाऱ्यावर घरोघरी आहेत, म्हणून काय काय झालं ते तपशिलात सांगते.

३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपली, ऑगस्टमध्ये बोट बाहेर पडली. नवरात्राच्या सुमारास इंजिनाच्या पुढच्या बाजूला खाली पाणी साचायला लागलं. नेहमीचे फिटर आजारी होते. धक्क्यावर कोणीतरी बाहेरगावच्या एका वर्कशॉपवाल्याचं नाव सुचवलं. तो आला, टॉर्च मारून वरवर बघितलं, ऑइल भरायचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय धरली होती. ती बोटावर घेऊन त्याने ह्यांना दाखवली. "शेठ, हेड क्रॅक आहे. पाणी ऑइलमध्ये उतरतंय. असंच चालवलंत तर क्रँक जाईल." (हेड म्हणजे सिलिंडरांवर बसवलेला जड भाग, क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा.) ऑइलची पातळी बघायची काडी मात्र त्याने काढली, पुसली आणि परत आत घातली, कोणाला बघू दिली नाही. झाकणाखालची साय दमट हवेत, इंजिन पुरेसं न तापता बंद होत राहिलं तरी धरते. बघायची असते ती काडी.

पापलेटला भाव होता, बोटी भरून येत होत्या आणि आमची धक्क्याला उभी. घाई कोणाला असते हे त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं. हेड काढायचं, क्रॅक भरून घ्यायचा, फेसिंग करायचं म्हणजे हेडची बैठक सपाट करायची, नवीन गॅसकेट टाकायचं असं त्याने तोंडी सांगितलं. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी पडेल म्हणून चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. इंजिनरूममध्ये जागा नाही, मध्ये येऊ नका, म्हणून सगळ्यांना वर बसवलं. संध्याकाळी त्याचा हेल्पर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर घेऊन एकटाच टेम्पोकडे गेला. सहा सिलिंडरचं अख्खं हेड चेन ब्लॉक किंवा दोन-तीन माणसं लागल्याशिवाय इंजिनरूममधून वर येत नाही. दोन दिवसांनी इंजिनाला हिरवागार नवा रंग देऊन तो गेला. गळती थांबली होती.

दिवाळी उलटली आणि काडीवर ऑइलची पातळी वाढायला लागली. ऑइल न भरता पातळी वाढतेय म्हणजे दुसरं काहीतरी आत येतंय. पुढच्याच खेपेला ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तेव्हा ह्यांनी इंजिन बंद केलं आणि शेजारच्या बोटीने ओढून आणलं. मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, इंजिनच जुनं आहे, आता ब्लॉकही गेला असेल, पूर्ण इंजिन उतरवावं लागेल.

तेव्हा दिरांनी आंजर्ल्याकडच्या एका काकांना आणलं. आयुष्यभर बोटीवर ड्रायव्हर होते, आता घरीच असतात. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी मला विचारलं, "वहिनी, हे पाणी खारं की गोडं?"

सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे. हीट एक्स्चेंजर असलेल्या इंजिनात पाण्याचे दोन वेगळे फेरे असतात. गोडं पाणी ब्लॉक आणि हेडमधून फिरतं, वरच्या हेडर टाकीत त्याची पातळी दिसते. खारं पाणी बाहेरून पंपाने ओढलं जातं, एक्स्चेंजरच्या नळ्यांतून जाऊन गोड्या पाण्याची उष्णता घेतं आणि बाहेर पडतं. खारं पाणी हेडपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे हेड फुटलं तर हेडर टाकी उतरायला हवी. आमची टाकी काठोकाठ भरलेली होती, कित्येक दिवसांत कोणी पाणी घातलं नव्हतं. (काही जुनी इंजिनं थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होतात, तिथे हा हिशोब लागू नाही. आपलं कुठलं ते आधी माहीत करून घ्या.)

काकांनी बोट रात्रभर तशीच उभी ठेवायला सांगितली. पाणी ऑइलपेक्षा जड, ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाला बसतं. सकाळी त्यांनी चेंबरचा ड्रेन नट हळूहळू सैल केला, खाली स्टीलची वाटी धरली. आधी पाणीच आलं, मग ते घाणेरडं ऑइल. वाटीतलं थोडं पाणी चमच्यात घेऊन स्टोव्हवर आटवलं. चमच्याच्या तळाला मीठ राहिलं.

खारं पाणी ऑइलच्या शेजारी येतं अशा जागा आमच्या इंजिनात दोनच, ऑइल कूलर आणि खाऱ्या पाण्याचा पंप. कूलर काढून एका बाजूने बंद केला, दुसऱ्या बाजूने हवा भरून पिंपात बुडवला. एकही बुडबुडा नाही. मग पंप काढला. हा पंप इंजिनाच्या गिअरवर चालतो. एकाच शाफ्टवर पुढे पाण्याचं सील, मागे ऑइलचं सील, आणि दोन्हींच्या मध्ये, पंपाच्या पोटाखाली, एक बारीक भोक असतं. पाण्याचं सील झिजलं की पाणी त्या भोकातून बाहेर ठिबकतं आणि आपल्याला वेळेत कळतं. ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं. आमच्या पंपाचं भोक एम-सीलने लिंपून वरून हिरवा रंग मारलेला होता! बाहेर पडायची वाट बंद झाल्यावर खारं पाणी ऑइल सीलमधून आत, तिथून चेंबरमध्ये गेलं. नवरात्रात जे ठिबकत होतं ते याच भोकातून. तेव्हा ऑइल चांगलं होतं. ऑइलमध्ये पाणी त्याने घातलं.

आणि हेड? काकांनी ब्लेडने एका हेड नटावरचा हिरवा रंग खरवडला. खाली जुना करडा रंग निघाला, नटावरून वॉशरवर आणि वॉशरवरून हेडवर सलग गेलेला. नट उघडला असता तर तो थर नटाच्या कडेने तुटला असता, कोपऱ्यांवर पान्याच्या खुणा असत्या. एकेक करत सगळे नट बघितले. कशालाही हात लागलेला नव्हता. मी तिथेच मोबाइलवर प्रत्येक नटाचा फोटो काढला. हे मुकाट्याने पंपाकडे बघत उभे होते. इतका राग मला आयुष्यात क्वचितच आला असेल.

पंपाची दोन्ही सीलं आणि बेअरिंग मिळून दीड हजाराच्या आत आली. शाफ्टला सीलच्या जागी खोबण पडली होती, तो लेथवर करून घेतला. खरा खर्च पुढेच झाला. ऑइल दोनदा बदलून इंजिन धुतलं, फिल्टर बदलले, चेंबर उतरवून बेअरिंगचे शेल बघितले तर त्यांना चरे पडलेले, तेही नवे घातले. हंगामाचे गेलेले दिवस वेगळे.

पैसे यूपीआयने दिले होते आणि "हेड काम पूर्ण" असा त्याचाच मेसेज मोबाइलवर होता. त्यावरून वकिलांमार्फत नोटीस दिली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. निकाल अजून लागायचा आहे. बोट हा धंदा आहे, ग्राहक कायदा लागू होत नाही, असं बंदरात बरेच जण म्हणतात. पण २०१९च्या कायद्यात स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी केलेला वापर व्यापारी धरलेला नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत २ वर्षांची आहे, आणि सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे.

इंजिनाखाली पाणी दिसलं तर तळ कोरडा करा, इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा अंथरा आणि इंजिन चालू करून पहिला थेंब कुठे पडतो ते बघा. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून चालताना थोडं ठिबकणं चालतं, त्यावरून इंजिनाला दोष देऊ नका. हेडर टाकीवर पातळीची खूण करा. कोणी हेड उघडायचं म्हणालं तर आधी तुमच्यासमोर चेंबरचं ऑइल काढायला लावा, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट ताब्यात घ्या. बंदी उठल्यावर बोट पाण्यात लोटायच्या आधी पंपाच्या पोटाखालच्या भोकात बारीक तार घालून ते मोकळं आहे ना, एवढं प्रत्येकाने बघाच.