बर्फाच्या कारखान्याचे खांब आणि 6,10,000 रुपयांचा गिलावा

रत्नागिरीजवळ बंदराला लागून आमचा बर्फाचा कारखाना आहे. बाहेरून खारा वारा आणि आतून ब्राइनच्या, म्हणजे बर्फ गोठवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या, टाकीचे उडणारे पाणी, यामुळे टाकीलगतच्या चार खांबांचे पोपडे सुटून सळया उघड्या पडल्या होत्या. बाहेरगावच्या एका ठेकेदाराने 35,000 रुपये घेऊन ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ केले आणि बाराही खांबांचे हाफ-सेल वाचन (सळईतला गंज ओळखण्यासाठी मोजलेला विद्युत दाब) उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे, म्हणजे आत गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक, असा रंगीत अहवाल हाती ठेवला.

ते वाचन घेतले जात असताना मी समोर उभा होतो. मीटरची एक तार खांबावर टेकवायच्या इलेक्ट्रोडला जोडलेली होती आणि दुसरी नुसती लोंबकळत होती. खांब थोडा फोडून ती आतल्या सळईला जोडल्याशिवाय खरे वाचन मिळतच नाही. परंतु जन्मभर बर्फ विकणाऱ्या माणसाने मीटरवर हलणारे आकडे पाहून शंका घ्यावी, ही अपेक्षा कोणी करू नये.

पुढे 4,00,000 आगाऊ आणि 1,75,000 दुसऱ्या हप्त्यात गेले. बिलात पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा खास मसाला) आणि सळईला गंजापासून वाचवणारा जस्ताचा प्रायमर होता. प्रत्यक्षात गंजक्या सळईवरच साधा सिमेंटचा गिलावा थापून राखाडी रंग मारला. सळई मागच्या बाजूनेही मोकळी करून चकचकीत घासल्याशिवाय कोणालाही मसाला भरू देऊ नका आणि त्या अवस्थेचे फोटो स्वतः काढा. पावसाळा संपण्याआधीच गिलाव्याचा हातभर तुकडा ओढताच सुटून आला. आत प्रायमरचा ठिपकासुद्धा नव्हता.

पोलीस ठाण्यात ‘काम तर केले आहे ना, मग हा दिवाणी मामला’ असे ऐकवले गेले आणि अर्जाची पोचही भांडून घ्यावी लागली. ग्राहक आयोगाकडे जावे, तर सेवा व्यावसायिक कारणासाठी घेतल्यामुळे आम्ही ‘ग्राहक’च ठरत नाही, असे वकील म्हणाले. उद्योगांच्या कार्यालयाने हा आपला विषय नसल्याचे सांगून दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवले आणि त्या टेबलाने पुन्हा पहिल्याकडे. उद्या छत मजुरांच्या डोक्यावर आले, तर हीच मंडळी नोटिसा घेऊन धावत येतील.

खांबावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचे रसायन फवारून गुलाबी रंग दाखवला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यातून काँक्रीटची अल्कता कळते, सळई गंजवणारे मीठ कळत नाही. त्या मिठातल्या क्लोराइडसाठी काँक्रीटची भुकटी वेगळी तपासून घ्यावी लागते. तपासणारा आणि दुरुस्ती करणारा एकच माणूस नसावा.

दुसऱ्या अभियंत्याने सळईला तार जोडून तपासले, तेव्हा रस्त्याकडचे आठही खांब ठणठणीत निघाले आणि टाकीलगतच्या एका खांबात 20 मिलिमीटरची सळई 14 वर आलेली दिसली. तेथे आता लोखंडी टेकू लावले आहेत. ठेकेदाराला वकिलामार्फत 5,000 रुपये खर्चून पाठवलेली नोटीस ‘या पत्त्यावर कोणी राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आली आहे.