प्रबंधासाठी हंगेरी घ्यावी की तुर्कस्तान?

भाचा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकतो. प्रबंधाचा विषय ठरलाय: मालक खासगी, सूर मात्र सरकारचा, असे पेपर. देश एकच घ्यायचा. हंगेरी की तुर्कस्तान, यावर आमचे गुडलकमध्ये दोन चहा झाले.

हंगेरीची गोष्ट सांगायला सोपी. 8 ऑक्टोबर 2016 ला ‘नेपसाबादशाग’ हे सरकारवर टीका करणारं मोठं दैनिक अचानक बंद पडलं. काही आठवड्यांतच त्याची मालक कंपनी लोरिंत्स मेसारोश यांच्या वर्तुळात गेली. हे मेसारोश म्हणजे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांचे गाववाले, मूळ धंदा गॅस फिटिंगचा. पुढे 2018 मध्ये सरकारधार्जिण्या मालकांनी 400 हून अधिक पेपर, वाहिन्या आणि वेबसाइट एका प्रतिष्ठानाला चक्क फुकट देऊन टाकल्या, लग्नात आहेर करावा तशा! सरकारनेही ‘राष्ट्रहिताचं’ म्हणत स्पर्धा कायद्याची तपासणी माफ केली. पण फुकट दिलं म्हणजे किंमत नाही, कर्ज नाही. मग प्रबंधात शोधणार काय? वर ती हंगेरियन भाषा.

तुर्कस्तानात पैसा दिसतो. 2008 मध्ये चालिक समूहाने ‘साबाह’ हे दैनिक आणि एटीव्ही ही वाहिनी 1.1 अब्ज डॉलरला घेतली. त्यातले 75 कोटी डॉलर दोन सरकारी बँकांचं कर्ज. समूहाचा कारभार तेव्हा पंतप्रधान एर्दोगान यांच्या जावयाकडे. 2013 मध्ये ‘साबाह’ कल्योन समूहाकडे गेलं, आणि इस्तंबूलच्या नव्या विमानतळाच्या कंत्राटदारांतही कल्योन आहेच. दोआन या मोठ्या माध्यम समूहाला 2009 मध्ये कराचा अवाढव्य दंड झाला. 2018 मध्ये त्यांचं ‘हुर्रियत’ हे दैनिक देमिरोरेन समूहाने घेतलं, पुन्हा सरकारी बँकेच्या कर्जावर.

आणि 7 जून 2013 ची सकाळ. इस्तंबूलच्या गेझी बागेपासून सुरू झालेलं सरकारविरोधी आंदोलन पेटलेलं, आणि निदान अर्धा डझन पेपरांचा मथळा एकच: लोकशाही मागण्यांसाठी जीवही देऊ, असं एर्दोगान यांचं वाक्य. अलका चौकातल्या स्टॉलवर सगळे पेपर शेजारी शेजारी मांडलेत आणि सगळ्यांवर तेच वाक्य, अशी कल्पना करा. पेपरवाल्यालाही वाटेल, गठ्ठा चुकून एकाच पेपरचा आला.

माझं मत तुर्कस्तान. चार महिन्यांत पुरं व्हायला हवं, आणि व्यवहारांच्या बातम्या इंग्रजीत भरपूर आहेत. सत्तेची रचना, कायदे यात रस असेल तर हंगेरी; युरोपियन संसदेने 2022 मध्ये तिला ‘निवडणुकांची हुकूमशाही’ म्हटलंय, तिथून सुरुवात करता येईल.

भाच्याने बिलाच्या पाठीवर तीन रकाने आखले: मालक, कर्ज देणारी बँक, सरकारी कंत्राट. पहिल्या ओळीत ‘साबाह’ लिहिलं. बिल अर्थात मी भरलं.