घरात मांजर असेल तर गॅलरीत काय लावावं: तुळस, पुदिना की पातीचा कांदा?

मांजर मांसाहारी खरं, पण पाला खातंच. आमची ठकी मान तिरकी करून बाजूच्या दातांनी कोथिंबिरीची काडी कचाकचा चावते आणि निम्मी फरशीवर सांडते. म्हणून आधी कुंड्यांचं बघायला हवं.

तुळस आणि कोथिंबीर निर्धास्त ठेवा. दोन्ही मांजराला विषारी नाहीत. फक्त त्यांच्यावर कीटकनाशक मारू नका.

पुदिन्याचं एखादं पान चावल्याने सहसा काही होत नाही, पण कुंडी फस्त केली तर उलट्या-जुलाब होतात. पानओवा मला जास्त खटकतो. भज्यांसाठी घरोघरी लावलेली ती जाड, लव असलेली पानं मांजराला बाधतात. ते मलूल होतं, खाणं सोडतं. गवती चहानेही पोट बिघडतं. आमच्याकडे हे दोन्ही आता वर टांगलेत.

खरी भीती मात्र कांदा-लसणाच्या पातीची. मोड आलेला कांदा आपण सहज कुंडीत खोचतो. त्यातली गंधकाची द्रव्यं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या किलोमागे 5 ग्रॅम कांदा पुरतो, म्हणजे 4 किलोच्या मांजराला अवघा 20 ग्रॅम. लसूण त्याहून जहाल, आणि शिजवल्यानेही विष जात नाही. लक्षणं बरेचदा काही दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद, थोडं चालल्यावर धाप. तोवर कुरतडलेली पात आपण विसरून गेलेलो असतो. पात मांजराच्या वाटेबाहेर ठेवायला जागा नसेल, तर लावूच नका. बाजारातून जुडी आणा.

लिली हा भाजीपाला नव्हे, तरी सांगते: ती घरात नकोच. अंगावरचे परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मांजराला त्याची स्वतःची कुंडी द्या. मूठभर गहू रात्रभर भिजवून मातीत पेरा, आठवड्याभरात बोटभर गव्हांकुर येतात. ते समोर आल्यापासून ठकी बाकी कुंड्यांकडे फारशी वळत नाही.

आणि पात खाल्लीच, तर मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. लक्षणांची वाट न बघता उरलेली पात सोबत घेऊन लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.