‘राखीव जागे’साठी 6,549 डॉलर: फुटबॉल स्कॉलरशिपच्या नावाने झालेली फसवणूक

अमेरिकेत हायस्कूलमध्ये फुटबॉल (सॉकर नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो) खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना गाठणारे दलाल नवे नाहीत. आधी मुलाचे कौतुक, मग घाई, मग पैसे, हा क्रम आम्हालाही ठाऊक होता. तरीही आमच्याकडून नोंदणीचे 499, व्हिडिओ तयार करून कोचपर्यंत पोहोचवण्याचे 1,250 आणि ‘जागा राखून ठेवण्याचे’ 4,800 असे एकूण 6,549 डॉलर उकळले गेले.

आमचा मुलगा किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवून देणारा खेळाडू, आहे. कॉलेजचे संघ किकरवर पूर्ण स्कॉलरशिप सहसा खर्च करत नाहीत, त्यामुळे पुष्कळ मुलांना ‘वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे पदरच्या पैशाने, संघात यावे लागते. आमची ही दुखरी नस आम्हाला गाठणाऱ्या दलाल गृहस्थाला नेमकी माहीत होती. ‘विद्यापीठाला वर्षाला फक्त 25 नव्या खेळाडूंच्या सह्या घेता येतात, 22 झाल्या, तीन जागा उरल्या आहेत,’ असे त्याने सांगितले. हा आकडा हवेतला नव्हता, म्हणून तर आम्ही विश्वास ठेवला. मिसिसिपी विद्यापीठाने 2009 मध्ये 37 जणांच्या सह्या घेतल्यानंतर एसईसीने (ते विद्यापीठ ज्यात खेळते त्या विद्यापीठांच्या गटाने) आधी 28 आणि पुढे 25 ची मर्यादा घातली होती, आणि कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचीही वर्षाला 25 नव्या खेळाडूंची मर्यादा होती. मात्र एनसीएएने ती 2022 मध्येच उठवली. दर दोन वर्षांनी बदलणारे हे नियम इथेच जन्मलेल्या पालकांनाही तोंडपाठ नसतात. मग नोकरी सांभाळून आम्ही ते कुठे शोधत बसायचे होते?

खरा संताप येतो तो एप्रिल 2025 मध्ये आलेल्या पत्राचा. वर ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ (खेळाडूने विद्यापीठाशी करायचा बांधिलकीचा करार) असे ठळक शीर्षक, खाली हेड कोचची सही, आणि कोपऱ्यात विद्यापीठाचे बोधचिन्ह, ज्याच्या कडा मोठ्या केलेल्या फोटोसारख्या फुटलेल्या होत्या. त्या कडा मला दिसल्या होत्या, पण पत्र आमच्याच प्रिंटरवर छापले असल्याने मी दोष प्रिंटरला दिला. 1964 पासून चालत आलेले ते लेटर ऑक्टोबर 2024 मध्येच रद्द झाले होते, म्हणजे आमच्या हातात बंद पडलेल्या योजनेचा कागद होता. शिवाय मुलगा तेव्हा अकरावीत होता, आणि बारावीच्या वर्षातल्या 1 ऑगस्टपूर्वी एनसीएएच्या कोणत्याही विद्यापीठाला स्कॉलरशिपची लेखी ऑफर देताच येत नाही. तुमच्या हातात त्याआधीचे पत्र पडले, तर पुढे वाचूही नका.

जून 2025 मध्ये न्यायालयाने कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी 85 स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन संघातच 105 खेळाडूंची मर्यादा आली. लगेच या गृहस्थाचा फोन आला की 20 स्कॉलरशिप वाढल्या आहेत, आणखी 2,400 डॉलर भरा. मर्यादा उठली म्हणून विद्यापीठ पैसे देईलच असे नाही, आणि 105 च्या कात्रीत पहिले वॉक-ऑनच सापडतात, हे बातमीत वाचलेले असल्याने मी थेट विद्यापीठाच्या कम्प्लायन्स (नियमपालन पाहणाऱ्या) विभागाला विचारले. मुलाचे नाव त्यांच्या कोणत्याही यादीत नव्हते. हा फोन फुकट असतो. तो पैसे देण्याआधी करा.

त्यानंतर सुरू झाली ती टोलवाटोलवी. पैसे तुम्हीच पाठवले, म्हणून व्यवहार अधिकृत आहे, असे बँकेने कळवले. पोलिसांनी हा दिवाणी मामला असल्याचे सांगून वकील गाठायला सुचवले, आणि वकिलाने पहिल्या भेटीचे 350 डॉलर घेऊन रक्कम लहान असल्याने दाव्यात अर्थ नाही असा सल्ला दिला. ग्राहक तक्रारींच्या सरकारी कार्यालयाने तक्रार क्रमांक दिला आणि मग कळवले की संबंधित व्यवसाय उत्तर देत नसल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे. फसवणाऱ्याने उत्तर दिले नाही की तक्रार निकाली, ही अजब व्यवस्था कोणाच्या सोयीसाठी आहे, हे त्या कार्यालयातल्या कोणीही मला सांगितले नाही. तीन ठिकाणी तीच कागदपत्रे जोडली, आणि प्रत्येक ठिकाणी मलाच विचारले गेले की करार नीट वाचला होता का.

करार वाचला होता. स्कॉलरशिप मिळाल्यास पहिल्या वर्षाच्या रकमेतले दहा टक्के द्यायचे, असे एक कलम त्यात होते. मुलाची माहिती कॉलेजांना पाठवण्यासाठी ठरावीक फी देता येते, पण ती फी स्कॉलरशिप मिळण्यावर अवलंबून असेल तर एनसीएएच्या नियमांनुसार मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते. असे कलम दिसताच उठून या. कोचचा तोंडी शब्द विद्यापीठाला बांधून ठेवत नाही, आणि एनसीएएच्या तिसऱ्या गटातल्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या, कॉलेजात खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, तेव्हा तिथली ‘राखीव जागा’ विकणाऱ्याशी एक वाक्यही बोलू नका.

त्या गृहस्थाची जाहिरात आता वेगळ्या नावाने फिरते आहे. मजकूर तोच आहे, पंचविसातल्या तीन जागाही अजून शिल्लक आहेत, फक्त नोंदणी 599 डॉलर झाली आहे.