पातळ कंपोझिट लॅमिनेट: शेल, कंटिन्युअम शेल की सॉलिड?

फायनाइट एलिमेंट विश्लेषणात भागाचे छोटे तुकडे (एलिमेंट) करून ताण काढतात. पातळ कंपोझिट लॅमिनेटसाठी, म्हणजे तंतू आणि रेझिनचे थर (प्लाय) एकावर एक चिकटवून केलेल्या पत्र्यासाठी, तीन पर्याय असतात: शेल (एलिमेंट म्हणजे एक पृष्ठ, जाडी फक्त आकडा म्हणून देतात), कंटिन्युअम शेल (आकार घन, वागणूक शेलची) आणि सॉलिड (पूर्ण घन). निवडण्याआधी एवढेच ठरवा: निर्णय कोणत्या ताणावर व्हायचा आहे? वाक, बकलिंग, कंपनाच्या वारंवारता आणि प्लायच्या पातळीतले ताण हवे असतील, तर साधे शेल पुरते. सांधा सुटणे, कोपरा उलगडणे, कडेला थर विलग होणे हे प्रश्न जाडीच्या दिशेच्या ताणाचे असतात. शेलमध्ये तो ताण शून्यच धरलेला असतो, त्यामुळे मेश (एलिमेंटची जाळी) कितीही बारीक केला तरी तो दिसणार नाही.

खर्चाचा अंदाज घ्यायला २०० × २०० मिमीची प्लेट घेऊ: ०.१२५ मिमीचे ८ प्लाय, एकूण जाडी १ मिमी, मेश २ मिमीचा. अ‍ॅबॅकस या सॉफ्टवेअरमधल्या एस४आर शेलला १०,२०१ नोड (एलिमेंटचे कोपरे) आणि ६१,२०६ अज्ञाते (सोडवायची विस्थापने आणि वळणे) लागतात. एससी८आर कंटिन्युअम शेलच्या एकाच थराला नोड दुप्पट, पण नोडमागे अज्ञाते ६ ऐवजी ३. म्हणजे आकडा तोच, ६१,२०६. प्रत्येक प्लायला एक सॉलिड दिले की २,७५,४२७. शिवाय एलिमेंटची लांबी जाडीच्या १६ पट होते, ते वेगळेच.

शेलमध्ये चुका बहुधा मांडणीत होतात. एलिमेंटचा नॉर्मल (पृष्ठाला लंब दिशा) उलटा झाला तर प्लायचा क्रम उलटतो आणि तंतूंचा +४५ अंशाचा कोन −४५ होतो. लॅमिनेट सममित असेल तर क्रमाचा फरक पडत नाही, कोनाचा मात्र पडतो, आणि तो सहज नजरेतून सुटतो. स्टिफनर (मजबुतीची पट्टी) जोडताना ऑफसेट (तिचे मध्यतलापासूनचे अंतर) विसरला तर वाकण्याचा कडकपणा चुकतो. 'पातळ' या शब्दावरही फार विसंबू नका. पोलादात तन्यता गुणांक हा कर्तन गुणांकाच्या सुमारे २.६ पट असतो. कार्बन-इपॉक्सीत तंतूच्या दिशेचा १४० आणि जाडीतला कर्तन गुणांक ५ गिगापास्कल धरला तर हे गुणोत्तर २८ होते. लांबी जाडीच्या २० पटींच्या आत आली की कर्तनामुळे होणारा वाक तपासून घ्यावा.

कंटिन्युअम शेलची खरी सोय भूमितीत आहे: जाडी थेट मॉडेलमधून येते, दोन्ही पृष्ठांवर संपर्क नीट लागतो, आणि मध्ये कोहेसिव्ह थर (दोन प्लायमधला सांधा आणि त्याचे सुटणे दाखवणारा) घालता येतो. थर रचण्याची दिशा मात्र प्रत्येक एलिमेंटमध्ये तपासा. एक्स्प्लिसिट विश्लेषणात (जिथे वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी उत्तर काढतात) ही जाडीच वेळेची पायरी लहान करते. अ‍ॅबॅकसमधले तयार हाशिन नुकसान मॉडेल (तंतू आणि रेझिन कधी तुटतात ते ठरवणारे) समतल ताणाच्या, म्हणजे जाडीच्या दिशेचा ताण शून्य धरणाऱ्या, एलिमेंटसाठी आहे. ते शेल आणि कंटिन्युअम शेलला लागते, सॉलिडसाठी दुसरी सोय करावी लागते.

सॉलिड म्हणजे आपोआप अचूक, हा समज महागात पडतो. जाडीत एकच सी३डी८आर (आठ नोडचे सॉलिड एलिमेंट) ठेवले तर त्याचा एकमेव इंटिग्रेशन बिंदू (जिथे ताण मोजला जातो) मध्यतलावर येतो. तिथे वाकण्याचा विकार (स्ट्रेन) शून्य असतो, म्हणून प्लेट फक्त अवरग्लास नियंत्रणाच्या (सॉफ्टवेअरने घातलेल्या कृत्रिम कडकपणाच्या) भरवशावर उभी राहते. पूर्ण इंटिग्रेशनचे सी३डी८ उलट शिअर लॉकिंगमुळे (वाकताना खोटे कर्तन उमटल्याने) फाजील कडक होते. त्याचेच सुधारलेले रूप सी३डी८आय वाकण्यात चांगले, पण एलिमेंट चौकोनी असेल तोवरच. मुक्त कडेला दोन प्लायच्या सांध्यावर ताण सिंग्युलर असतो: मेश बारीक करत जाल तसा आकडा वाढतच जाईल. त्याचे शिखर वाचण्याऐवजी ठरावीक अंतरावरची सरासरी घ्या. सुरुवातीला ते एका प्लायच्या जाडीइतके धरावे.

डीलॅमिनेशन (थर विलग होणे) कसे पसरते हे हवे असेल तर कोहेसिव्ह एलिमेंट लागतात, आणि इथे मेशची लांबी मनाने ठरवता येत नाही. जाडीच्या दिशेचा गुणांक ९,००० मेगापास्कल, भंगऊर्जा (भेग वाढायला लागणारी ऊर्जा) ०.३ न्यूटन/मिमी आणि ताकद ६० मेगापास्कल धरली, तर कोहेसिव्ह पट्टा (भेगेच्या टोकापुढचा, सांधा सुटत असलेला भाग) साधारण ९,००० × ०.३ ÷ ६०² = ०.७५ मिमीचा येतो. त्यात किमान तीन एलिमेंट बसवायची, म्हणजे लांबी ०.२५ मिमी. ताकद ३० वर आणली तर पट्टा ३ मिमी होतो आणि १ मिमीचा मेश चालतो. प्रसाराचा भार बहुधा टिकतो, पण भेग सुरू होण्याचा क्षण अलीकडे सरकतो. सुरुवातच हवी असेल तर ही सवलत घेऊ नका. भेग आधीच आहे आणि फक्त तिचा प्रसार पाहायचा आहे, तर व्हीसीसीटी (भेगेच्या टोकावरची ऊर्जा काढणारे व्हर्च्युअल क्रॅक क्लोजर तंत्र) स्वस्त पडते.

बहुतेक कामांत संपूर्ण भाग शेलमध्ये आणि संशयाची जागा सॉलिड सबमॉडेलमध्ये (तेवढ्याच भागाच्या वेगळ्या बारीक मॉडेलमध्ये), ही जोडी परवडते. सबमॉडेलची सीमा कडेपासून किंवा कोपऱ्यापासून जाडीच्या अनेक पटींनी दूर ठेवा आणि त्या सीमेलगतचे ताण वाचू नका. वाकलेल्या कोपऱ्यासाठी तर आधी हाताने गणित करता येते: एकक रुंदीचा उलगडणारा आघूर्ण घ्या, त्याला ३ ने गुणा, मग जाडीच्या दुपटीने आणि आतल्या-बाहेरच्या त्रिज्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा. हा त्रिज्य ताण सांध्याच्या ताकदीच्या खूप खाली असला, तर सॉलिड मॉडेलची गरजच उरत नाही.